स्ट्रॉबेरी आणि घरची फळे: हलके गोड पदार्थ कसे बनवावेत

सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील गाव. गोंदियाकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. आजूबाजूला धानाची शेती, तलाव-बोड्या आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. या भागात पेरू, पपई, सीताफळ, बोर, शिंगाडा, जांभूळ अशी फळे हंगामानुसार मिळतात. स्ट्रॉबेरी मात्र येथील पीक नाही. महाबळेश्वर–पाचगणीचा माल येथपर्यंत येतो तेव्हा त्याने सुमारे नऊशे किलोमीटरचा प्रवास केलेला असतो. त्यामुळे डबा महाग पडतो आणि घरी आल्यावर एक-दोन दिवसांत त्यातली फळे मऊ पडू लागतात.

अशा वेळी दोन चुका होतात. एक तर डबा तसाच राहून निम्मी फळे फेकावी लागतात. नाहीतर भरपूर साखर घालून शिजवल्याने फळाची चव, रंग आणि जीवनसत्त्व ‘क’ यांचे नुकसान होते. त्याऐवजी स्ट्रॉबेरी चवीपुरती आणि घरची फळे पोटभर असे प्रमाण ठेवले, तर २०० ग्रॅमच्या एका डब्यात पाच जणांच्या कुटुंबासाठी गोड पदार्थ होतो. त्यासाठी कोणत्या फळाला काय चालते आणि काय चालत नाही, एवढे समजून घेणे आवश्यक आहे.

स्ट्रॉबेरी: फळाची ओळख

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीचे मुख्य क्षेत्र सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, पाचगणी, भिलार व वाई परिसरात आहे. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड हवेत स्ट्रॉबेरीची लागवड होते. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाभिया या जाती लागवडीत आढळतात. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो.

स्वयंपाकाच्या दृष्टीने या फळाचे पुढील गुणधर्म महत्त्वाचे आहेत.

- तोडणीनंतर पिकत नाही. केळी, आंबा, पपई अढीत पिकतात. स्ट्रॉबेरी तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, परंतु गोडी वाढत नाही. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी ठेवून दिली तरी आंबटच राहते. अशी फळे शिजवून वापरावीत.
- पाणी जास्त, साखर कमी. १०० ग्रॅम फळात सुमारे ९१ टक्के पाणी, ५ ग्रॅम नैसर्गिक साखर आणि ३२ किलोकॅलरी ऊर्जा असते.
- जीवनसत्त्व ‘क’ भरपूर. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५९ मिलिग्रॅम. पेरूत हेच प्रमाण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पोषणाचा विचार केला तर परसातला पेरू स्ट्रॉबेरीच्या कितीतरी पुढे आहे.
- साल अत्यंत पातळ. जरा दाबले तरी पेशी फुटतात, रस सुटतो आणि तेथूनच राखाडी बुरशीची सुरुवात होते.

खरेदी, साठवण आणि धुणे

- डबा उलटा करून तळ पाहावा. तळाशी रस साचलेला असेल किंवा कागद ओला असेल, तर खालची फळे फुटलेली आहेत असे समजावे.
- देठाची टोपी हिरवी, फळ चकचकीत आणि संपूर्ण लाल असावे. आकार मोठा म्हणजे चव चांगली असे नसते.
- घरी आल्यावर लगेच फळे परातीत पसरून निवडावीत. त्यांचे तीन भाग करावेत: घट्ट, मऊ आणि बुरशी आलेली.
- घट्ट फळे न धुता, देठासह, कोरडा कागद घातलेल्या डब्यात एका थरात ठेवून फ्रिजमध्ये ठेवावीत. दोन-तीन दिवसांत वापरावीत.
- मऊ पण चांगली फळे त्याच दिवशी शिजवावीत किंवा गोठवावीत.
- बुरशी आलेले फळ पूर्ण टाकून द्यावे. मऊ फळात बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. त्यामुळे तेवढाच भाग कापून उरलेले वापरू नये.
- वापरण्याच्या अगदी आधी वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली धुवावे. देठ धुतल्यानंतरच काढावा. आधी काढल्यास फळात पाणी शिरते आणि चव फिकी होते. साबण किंवा डिटर्जंट वापरू नये.

फ्रिज नसल्यास फळे आणली त्याच दिवशी संपवावीत. रात्रीपुरती ठेवायची असल्यास ओल्या माठाशेजारी, हवा लागेल अशा ठिकाणी, जाळीच्या झाकणाखाली ठेवावीत.

कोणत्या फळाला काय चालत नाही

फळांचे पदार्थ बिघडतात त्यामागे बहुतेक वेळा पुढील पाचपैकी एक कारण असते.

१. आंबट फळ आणि गरम दूध. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लतेमुळे (सामू ४.६ च्या आसपास) गोळा होते. स्ट्रॉबेरीचा सामू साधारण ३ ते ४ च्या दरम्यान असतो. गरम दुधात तिचा गर घातला की दूध फाटते. म्हणून दुधाचा पदार्थ पूर्ण थंड करावा, तो पिठाने दाट केलेला असावा आणि फळ वाढतेवेळी वरून घालावे. दही आणि चक्का आधीच आंबट असल्याने त्यांत ही अडचण येत नाही.

२. पपई, अननस आणि दुधाची प्रथिने. पपईत पपेन आणि अननसात ब्रोमेलेन ही प्रथिने तोडणारी विकरे असतात. कच्च्या पपईत पपेन जास्त, पिकलेल्या पपईत कमी असते. तरीही दही किंवा दुधात मिसळून ठेवलेली पपई तासाभरात कडवट लागू शकते. अशी मिश्रणे लगेच खावीत. अननस पाच मिनिटे शिजवून घेतल्यास विकर निष्क्रिय होते आणि नंतर तो दह्यात चालतो.

३. सीताफळ आणि उष्णता. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो आणि त्याचा रंगही बिघडतो. बासुंदी असो वा खीर, सीताफळ नेहमी थंड झालेल्या दुधातच घालावे. बिया विषारी असल्याने गर मिक्सरमध्ये बियांसह फिरवू नये.

४. संत्र्याचा रस आणि वेळ. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. बिया आणि फोडीवरील पांढरे पापुद्रे रसात चिरडले गेल्यास कडूपणा अधिक येतो. फोडी सोलून, बिया काढून घ्याव्यात. रस काढायचाच असेल तर हलक्या हाताने काढून लगेच वापरावा.

५. साखर आणि पाणी. चिरलेल्या फळावर साखर घातली की ती फळातील पाणी बाहेर ओढते. फळांच्या वाटीत हा रस हवासा वाटतो, पण श्रीखंडात तोच रस पदार्थ पातळ करतो. म्हणून श्रीखंडासाठी फळाला आधी साखर लावून सुटलेला रस वेगळा काढावा.

हंगामानुसार फळांची जोडी

- सप्टेंबर ते नोव्हेंबर: सीताफळ. ऑक्टोबरपासून तलावातील शिंगाडा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पेरू (आपल्याकडे जाम), बोर, आंबिया बहराचे संत्रे. डिसेंबरपासून बाजारात स्ट्रॉबेरी.
- फेब्रुवारी ते मार्च: मृग बहराचे संत्रे, उतरत्या हंगामातील स्ट्रॉबेरी.
- एप्रिल ते जून: टेंभरे, चार, आंबा.
- जून ते जुलै: जांभूळ.
- जवळपास वर्षभर: पपई, केळी.

जंगलातील चाराच्या बियांमधून चारोळी मिळते. या पदार्थांवर काजू-बदामांऐवजी तीच वापरावी. स्ट्रॉबेरी संपल्यावर आंबटगोड चव आणि गडद रंग हवा असेल, तर पुढील सर्व दह्याच्या कृतींत जांभळाचा गर चालतो.

कृती

सर्व प्रमाणे पाच जणांसाठी आहेत. एक वाटी म्हणजे १५० मि.लि., एक लहान चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम, असे धरले आहे.

अ) स्ट्रॉबेरी-पेरू-पपईची वाटी

साहित्य: स्ट्रॉबेरी २०० ग्रॅम, पिकलेले पेरू ३०० ग्रॅम, पिकलेली पपई २०० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, लिंबाचा रस १ लहान चमचा, चिमूटभर मीठ, चारोळी १ मोठा चमचा.

- स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून प्रत्येकीचे चार तुकडे करावेत. त्यावर साखर, मीठ आणि लिंबाचा रस घालून झाकून २० मिनिटे ठेवावे. तळाशी लाल रस जमतो. हाच या पदार्थाचा पाक असल्याने वेगळा पाक करण्याची गरज नाही.
- पेरूचा बियांचा भाग काढून गराचे लहान तुकडे करावेत. बियांचा भाग चाळणीवर दाबून त्याचा गर रसात मिसळावा. त्यामुळे रस दाट होतो.
- पपईच्या फोडी सर्वांत शेवटी घालून हलक्या हाताने एकत्र करावे.
- वर चारोळी घालून लगेच वाढावे.

आंबट बोरे मिळत असल्यास आठ-दहा बोरांचा गर काढून घालावा. मग लिंबाची गरज राहत नाही.

आ) कमी साखरेचे स्ट्रॉबेरी श्रीखंड

साहित्य: दही १ लिटर, स्ट्रॉबेरी २०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, वेलची पूड पाव चमचा.

- दही स्वच्छ पातळ कापडात बांधून ५ ते ६ तास टांगावे. दह्याच्या दाटपणानुसार साधारण ३०० ते ४०० ग्रॅम चक्का मिळतो. दही गोड असतानाच बांधावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दही उशिरा लागते. विरजलेले भांडे कापडात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवल्यास बरे पडते. उन्हाळ्यात मात्र टांगलेले दही फ्रिजमध्ये ठेवावे, अन्यथा ते आंबते.
- स्ट्रॉबेरीचे बारीक तुकडे करून त्याला २० ग्रॅम साखर लावावी आणि अर्धा तास चाळणीत ठेवावे. खाली रस जमेल.
- हा रस स्टीलच्या लहान भांड्यात ३ ते ४ मिनिटे आटवून मधासारखा दाट करावा व थंड करावा.
- चक्का, उरलेली ४० ग्रॅम साखर आणि वेलची एकत्र फेटावी. आटवलेला रस आणि फळांचे तुकडे शेवटी मिसळावेत.

निथळलेली निवळी फेकू नये. ती कढीत किंवा भाकरीचे पीठ मळताना वापरावी.

इ) शिंगाडा पिठाची थंड खीर, वर स्ट्रॉबेरी

गोंदियाच्या तलावांतील शिंगाडा आणि बाहेरून आलेली स्ट्रॉबेरी यांची ही जोडी चांगली जमते. शिंगाड्याच्या पिष्टामुळे दूध आटवावे लागत नाही. गॅस आणि दूध दोन्ही वाचतात. उपवासालाही चालते.

साहित्य: दूध ६०० मि.लि., शिंगाडा पीठ २५ ग्रॅम (सुमारे ३ मोठे चमचे), साखर ३० ग्रॅम, तूप १ लहान चमचा, स्ट्रॉबेरी १५० ग्रॅम, चारोळी १ मोठा चमचा.

- तुपावर पीठ मंद आचेवर २ ते ३ मिनिटे, खमंग वास येईपर्यंत भाजावे. थंड झाल्यावर १०० मि.लि. गार दुधात गुठळ्या न ठेवता कालवावे.
- उरलेले ५०० मि.लि. दूध उकळावे. आच कमी करून पिठाचे मिश्रण सतत ढवळत ओतावे. ४ ते ५ मिनिटे शिजवावे. साखर घालून उतरवावे.
- थंड पाण्याच्या परातीत भांडे ठेवून खीर पूर्ण गार करावी. गार झाल्यावर ती आणखी दाट होते, त्यामुळे चुलीवर असताना थोडी पातळच ठेवावी.
- वाट्यांत ओतून वाढताना वर स्ट्रॉबेरीचे तुकडे आणि चारोळी घालावी. खीर कोमट असताना फळ घालू नये.

ताजा शिंगाडा वापरायचा असल्यास तो चांगला धुऊन, उकडून, मग सोलावा. तलावातून काढलेला कच्चा शिंगाडा दाताने सोलून खाण्याची सवय टाळावी. त्याच्या सालीवरून पोटात जंत जाण्याचा धोका असतो.

ई) संत्रे-पपईची जेली (चायना ग्रास)

चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारे आगर. ते प्रथिन नसल्याने पपईतील पपेनचा त्यावर परिणाम होत नाही. जिलेटिन हे प्राणिजन्य प्रथिन आहे. कच्ची पपई, पपईचा ताजा गर किंवा अननस घातल्यास जिलेटिनची जेली जमतच नाही. शिवाय आगर एकदा जमले की सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. त्यामुळे गोंदियाच्या मे महिन्यातही ही जेली ताटात पाणी होत नाही.

साहित्य: चायना ग्रास ५ ग्रॅम, पाणी २५० मि.लि., ताजा संत्रारस २५० मि.लि., साखर ३० ग्रॅम, पपईच्या फोडी १५० ग्रॅम.

- चायना ग्रास बारीक कापून २५० मि.लि. पाण्यात अर्धा तास भिजवावे. त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत, साधारण ५ ते ८ मिनिटे, उकळावे. साखर घालावी.
- गॅस बंद करावा. दोन मिनिटांनी संत्र्याचा रस मिसळावा. रस फ्रिजमधला गार नसावा. गार रसाने आगर जागेवरच गोळे होऊन बसते. आंबट रस आगरासोबत उकळूही नये, त्याने पकड ढिली होते.
- ताटलीत पपईच्या फोडी पसरून वर मिश्रण ओतावे. फ्रिज नसला तरी अर्ध्या-पाऊण तासात जमते. वड्या पाडून त्याच दिवशी खावे.

संत्र्याऐवजी गाळलेला स्ट्रॉबेरीचा रसही याच प्रमाणात चालतो.

उ) सीताफळ दूध

साहित्य: मध्यम आकाराची पिकलेली सीताफळे ३, उकळून पूर्ण गार केलेले दूध ५०० मि.लि.

- गर स्टीलच्या चाळणीत घेऊन काट्याने किंवा चमच्याने फिरवावा. बिया वर राहतात, गर खाली उतरतो.
- गर गार दुधात मिसळून लगेच प्यावे. सीताफळात नैसर्गिक साखर भरपूर असल्याने वरून साखर घालण्याची गरज नाही.

सीताफळाचा हंगाम जोरात असताना जास्तीचा गर बिया काढून लहान डब्यांत गोठवावा. म्हणजे डिसेंबरमध्ये स्ट्रॉबेरी येईपर्यंत तो पुरतो. गोठवलेला गर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटा करावा, गॅसवर नाही.

ऊ) दही-केळी-स्ट्रॉबेरी कुल्फी

साहित्य: जास्त पिकलेली केळी २ (सुमारे २०० ग्रॅम गर), मऊ झालेली स्ट्रॉबेरी १०० ग्रॅम, घट्ट दही २०० ग्रॅम.

- सर्व एकत्र घुसळून कुल्फीच्या साच्यांत भरावे आणि ६ ते ८ तास गोठवावे. साल काळी पडलेले केळे येथे सर्वांत चांगले. साखर लागत नाही.
- वीज गेल्याने कुल्फी पूर्ण वितळली असेल तर ती पुन्हा गोठवू नये. गार असतानाच पिऊन टाकावी. कोमट झाली असेल तर टाकून द्यावी.

ए) मऊ स्ट्रॉबेरीचा सॉस

साहित्य: मऊ पडलेली स्ट्रॉबेरी २०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, लिंबाचा रस १ लहान चमचा.

- फळांचे तुकडे साखरेसह स्टीलच्या भांड्यात ८ ते १० मिनिटे शिजवावेत. लोखंडी कढई किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. आम्लामुळे धातूची चव उतरते आणि रंग काळपट होतो.
- लिंबाचा रस घालून उतरवावे. लिंबामुळे लाल रंग टिकतो.
- उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. ५ ते ६ दिवसांत संपवावे.

हा जॅम नाही. बाजारातील जॅम टिकतो तो त्यातील किमान ६५ टक्के विद्राव्य घटकांमुळे, म्हणजे मुख्यतः साखरेमुळे. आपण साखर कमी घातली आहे, त्यामुळे टिकाऊपणही कमी आहे. बाहेर ठेवल्यास दोन दिवसांत आंबतो.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्के, म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी साधारण २५ ग्रॅम, हे अधिक चांगले. गूळ आणि मध यांचीही गणना यातच होते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ हलका होत नाही.

वरील कृतींत वरून घातलेली साखर दर माणशी अशी येते:

- फळांची वाटी: ४ ग्रॅम
- स्ट्रॉबेरी श्रीखंड: १२ ग्रॅम
- शिंगाडा खीर: ६ ग्रॅम
- संत्रे-पपई जेली: ६ ग्रॅम
- सीताफळ दूध, दही-केळी कुल्फी: शून्य

तुलनेसाठी, नेहमीच्या श्रीखंडात ३०० ग्रॅम चक्क्याला २५० ग्रॅम साखर घातली तर पाच जणांत दर माणशी ५० ग्रॅम येते. घरात कमी गोडाची सवय नसेल तर एकदम साखर तोडू नये. पहिल्यांदा पाव भाग कमी करावी, पुढच्या वेळी आणखी पाव भाग.

मधुमेह असलेल्यांनी वरून साखर नसलेले पदार्थही मोजूनच खावेत. सीताफळ आणि पिकलेले केळे यांत नैसर्गिक साखर जास्त असते. त्यांच्यासाठी पेरू आणि स्ट्रॉबेरीची बिनसाखरेची वाटी बरी. प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

स्वच्छता आणि सुरक्षितता

- फळे चिरण्याची पाटी आणि चाकू कांदा-लसूण, मांस-मासळीसाठी वापरू नये.
- चिरलेले फळ आणि दुधाचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तापमान ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासात संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा.
- बर्फ आणि जेलीसाठी पिण्याचेच पाणी वापरावे.
- एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. लहान मुलांना स्ट्रॉबेरी, पेरू यांचे बारीक तुकडे करून द्यावेत. बोराच्या बिया काढाव्यात.
- स्ट्रॉबेरी पहिल्यांदाच खात असल्यास थोडी देऊन पाहावी. काहींना अंगावर पुरळ किंवा तोंडाला खाज येते.
- स्वतःच्या बागेतील फळ असल्यास शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय तोडणी करू नये. साल न काढता खाल्ल्या जाणाऱ्या फळांत हे विशेष महत्त्वाचे आहे.

महिला बचत गट किंवा रस्त्यालगतच्या हॉटेलसाठी हे पदार्थ विक्रीला करायचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी आवश्यक आहे. कमी साखरेचा सॉस आणि दह्याचे पदार्थ साखळी शीतगृहाशिवाय टिकत नाहीत. म्हणून सुरुवात त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या फळांच्या वाटीपासून करावी.

परसबागेत स्ट्रॉबेरी घेता येईल का?

थोड्या प्रमाणात, घरापुरती घेता येते. स्ट्रॉबेरीला दिवसा २२ ते २५ अंश आणि रात्री ७ ते १३ अंश तापमान मानवते. आपल्याकडे अशी थंडी डिसेंबर-जानेवारीत थोडेच आठवडे मिळते. त्यामुळे महाबळेश्वरसारखा लांब हंगाम येथे अपेक्षित धरू नये.

- धानाची भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन या पिकाला चालत नाही. गादीवाफा किंवा ग्रो बॅग वापरावी. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट असे निचऱ्याचे मिश्रण घ्यावे. सामू ५.५ ते ६.५ असावा.
- पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, खात्रीच्या रोपवाटिकेतील रोपे ३० सें.मी. अंतरावर लावावीत. रोपाचा मधला कोंब मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी.
- मुळे उथळ असल्याने पाणी थोडे, पण वारंवार द्यावे. फळ मातीला टेकू नये म्हणून धानाची तणस पसरावी. आच्छादनासाठी ती आपल्याकडे विकत घ्यावी लागत नाही.
- फळ पूर्ण लाल झाल्यावर सकाळच्या गारव्यात, देठासह तोडावे. दूर पाठवायचे नसल्याने अर्धवट लाल तोडण्याची गरज नाही. घरच्या फळाची गोडी बाजारच्या फळापेक्षा जास्त लागते ती याच कारणाने.

अडचणी आणि उपाय

- श्रीखंड पातळ झाले: फळाचा रस न आटवता मिसळला गेला. पुन्हा कापडात बांधून तासभर टांगावे.
- दूध फाटले: फेकू नये. गाळून, पाण्याने धुऊन पनीर म्हणून वापरावे.
- जेली जमली नाही: आगर पूर्ण विरघळले नव्हते. पुन्हा गरम करून, थोडे आगर वेगळ्या पाण्यात उकळून मिसळावे.
- खिरीत गुठळ्या झाल्या: पीठ गरम दुधात थेट घातले गेले. खीर गाळून घ्यावी.
- स्ट्रॉबेरी फारच आंबट निघाली: साखर वाढवण्याऐवजी पिकलेले केळे किंवा पपई मिसळावी.

थोडक्यात

- डबा घरी येताच फळे निवडावीत. घट्ट फळे कच्ची खावीत, मऊ फळे त्याच दिवशी शिजवावीत किंवा गोठवावीत.
- स्ट्रॉबेरी रंग आणि आंबटगोड चवीसाठी, पेरू-पपई-केळी पोटासाठी असे प्रमाण ठेवावे.
- आंबट फळ गरम दुधात नको, सीताफळ विस्तवावर नको, पपई दह्यात ठेवून नको.
- साखर कमी म्हणजे टिकाऊपण कमी. लागेल तेवढेच करावे आणि ताजे खावे.